वाचकांचे प्रश्न : मंडळ फुटलं, हे वहीवरून कळेल का?

मागच्या अंकात मी माणसामाणसांतल्या संबंधांचं जाळं कागदावर कसं मांडायचं ते लिहिलं होतं: माणूस म्हणजे बिंदू, आणि दोघांत काही देवघेव असेल तर त्यांच्यामध्ये रेघ. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच होता. जाळं काळाबरोबर बदलतं, तर तो बदल खरा आहे की आपल्यालाच तसं वाटतंय, हे कसं ठरवायचं? त्यांतली चार पत्रं इथे घेते. पहिल्याला जास्त जागा देते, कारण त्यात बाकीच्यांची निम्मी उत्तरं आहेत.

प्रश्न : आमच्या गावात (डिचोली तालुका, गोवा) जत्रेला दोन रात्री दोन नाटकं होतात. १९९४ पासूनच्या प्रत्येक प्रयोगाची नोंद माझ्या वहीत आहे. भूमिका कोणी केल्या, ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, नेपथ्य कोणाचं, रंगपटात कोण, सगळं. माझं मत असं की २०१२ साली खाणी बंद झाल्या, पोरं पर्वरी-वेर्ण्याला नोकऱ्यांना गेली आणि मंडळाचे दोन गट पडले. माझा पुतण्या म्हणतो, काका, फूट त्याआधीच पडली होती, तुम्हांला ती दिसली उशिरा. वहीवरून याचा निकाल लागेल का?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, सगळ्यात आधी त्या वहीच्या पानापानाचा फोटो काढून ठेवा. इतकी वर्षं एकाच हातानं, एकाच पद्धतीनं ठेवलेली नोंद संशोधकांनाही सहसा मिळत नाही. या विषयात आजही अभ्यासली जाणारी एक नोंद १९३० च्या दशकातली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका गावातल्या १८ बायका १४ समारंभांपैकी कुठल्या-कुठल्या समारंभांना हजर होत्या, एवढाच तो तक्ता. त्यावरून त्या बायकांचे गट कसे पाडायचे यावर संशोधक अजून लिहितात. तुमच्याकडे त्याहून मोठा तक्ता आहे, आणि तो वर्षानुवर्षांचा आहे.

तक्ता तसाच करा. उभ्या बाजूला माणसं, आडव्या बाजूला नाटकं. ज्यानं त्या प्रयोगात काही काम केलं त्याच्या चौकटीत १, नाही तर ०. ऑर्गनवाला, पडदा ओढणारा, रंगभूषा करणारा, सगळे घ्या. मी यावर अडून बसते, कारण फूट पडते तेव्हा नायकाची कामं करणारे आपापल्या गटाबरोबर जातात, पण वादक बहुधा दोन्हीकडे बसतो. गट एकमेकांना कोणामुळे अजून जोडलेले आहेत ते या मागच्या माणसांवरून कळतं. बाहेरून मानधनावर बोलावलेल्या नटी मात्र वेगळ्या रकान्यात ठेवा. त्या कोणत्या नाटकात आल्या हे व्यवहारानं ठरतं, मंडळातल्या नात्यांनी नव्हे.

आता दोन खड्डे. पहिला असा, की हा तक्ता लगेच ‘कोण कोणाबरोबर’ अशा जोड्यांमध्ये बदलायचा मोह होतो. तसं करू नका. वीस जणांच्या एका ऐतिहासिक नाटकातून एका रात्रीत १९० जोड्या तयार होतात. पाच पात्रांच्या कौटुंबिक नाटकातून फक्त १०. म्हणजे ज्या वर्षी शिवाजी महाराजांवरचं नाटक लागलं, त्या वर्षी गावात जबरदस्त एकोपा होता असा निष्कर्ष निघेल, आणि त्याचं कारण नुसती पात्रसंख्या असेल.

दुसरा खड्डा घनतेचा. शक्य असलेल्या जोड्यांपैकी किती प्रत्यक्षात जोडलेल्या आहेत याला जाळ्याची घनता म्हणतात. लोक पहिल्यांदा तीच मोजतात. समजा २० जणांचं मंडळ आहे आणि प्रत्येकाचं सहा जणांशी जमतं. शक्य जोड्या १९०, प्रत्यक्षातल्या ६०, घनता ०.३२ च्या आसपास. मंडळ वाढून ४० जणांचं झालं आणि अजूनही प्रत्येकाचं सहा जणांशीच जमतं, तर शक्य जोड्या ७८०, प्रत्यक्षातल्या १२०, घनता ०.१५. आकडा निम्म्यावर आला, पण एकाही माणसाचं दुसऱ्याशी काही बिनसलेलं नाही. ‘पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत’ असं आकड्यांनिशी सांगणाऱ्या लेखात घनता दिसली, की मी आधी माणसांची संख्या शोधते.

मग मोजायचं काय? तुमच्या वहीसाठी मला दोन गोष्टी योग्य वाटतात. एक, त्याच जत्रेतल्या दोन्ही नाटकांत काम केलेली माणसं किती. समजा त्या आणि आधीच्या दोन वर्षांत वहीत नाव आलेली ४० माणसं आहेत. पहिल्या नाटकाला १६ जण, दुसऱ्याला १५. चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असती तर दोन्हीकडे सामाईक सरासरी ६ जण आले असते (१६ गुणिले १५ भागिले ४०). प्रत्यक्षात एकच सामाईक निघाला, तर तो किंवा त्याहून कमी आकडा नुसत्या योगायोगानं येण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी आहे.

इथे थांबून ‘फूट सिद्ध झाली’ म्हणालात तर घोटाळा होईल. लागोपाठच्या दोन रात्री दोन भूमिका पाठ करणं कोणालाही जड जातं. दिग्दर्शक मुद्दामच माणसं वाटून देतो. म्हणजे तुमच्या मंडळात सामाईक माणसं कमी असणं हे १९९४ सालीही असेल. तेव्हा तुलना चिठ्ठ्यांशी करून भागत नाही, ती तुमच्याच मंडळाच्या नेहमीच्या वागण्याशी करायला हवी. बदल शोधायच्या सगळ्या पद्धतींचा कणा हाच आहे. नेहमीचं काय आणि नेहमीची वर-खाली किती, हे आधी लिहून काढल्याशिवाय ‘बदललं’ या शब्दाला अर्थ येत नाही.

दुसरी मोजायची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या वर्षी जे दोघे वेगवेगळ्या नाटकांत पडले, ते गेल्या वर्षीही वेगवेगळेच होते का? दिग्दर्शक सोयीनं माणसं वाटत असेल तर या जोड्या दरवर्षी बदलतात. यंदा वेगळे पडलेले पुढच्या वर्षी एकत्र येतात. फुटलेल्या मंडळात मात्र तीच माणसं तशीच वेगळी राहतात, वर्षामागून वर्ष. फूट म्हणतात ती याला.

यातलं नेहमीपेक्षा जास्त किती हे ठरवायला अदलाबदलीची चाचणी करतात. तक्त्यात असे दोघे शोधा, ज्यांतला एक फक्त पहिल्या नाटकात आहे आणि दुसरा फक्त दुसऱ्या. त्यांच्या जागा बदला. प्रत्येकानं किती नाटकांत काम केलं तो आकडा तोच राहतो, प्रत्येक नाटकाची पात्रसंख्याही तीच राहते, फक्त कोण कोणाबरोबर हे बदलतं. संगणकावर असं हजारो वेळा करायचं आणि प्रत्येक खेपेला तुमचा आकडा पुन्हा काढायचा. खरा आकडा या हजारोंच्या मध्यापासून किती प्रमाण विचलनं दूर आहे, ते त्या वर्षाचं माप (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून एरवी किती वर-खाली होतात ते). असं प्रत्येक वर्षाचं एक-एक माप निघेल.

आता काका-पुतण्याच्या वादाकडे वळते. तुम्हां दोघांचे दावे एका जातीचे नाहीत. तुमची तारीख वहीबाहेरून आली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. म्हणजे २०१२-१३ च्या हंगामातली जत्रा ही पहिली ‘नंतरची’ जत्रा. तारीख अशी आधीच ठरलेली असेल तर हिशोब सरळ आहे: आधीची वर्षं एका बाजूला, नंतरची दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंचा स्वभाव एकच आहे का ते पाहायचं. अर्थशास्त्रात ग्रेगरी चाऊ यांनी १९६० साली याच धर्तीची चाचणी मांडली.

पुतण्या म्हणतो ‘त्याआधी कधीतरी’. त्यासाठी वहीतलं प्रत्येक वर्ष सांधा म्हणून तपासावं लागेल आणि आधीच्या आणि नंतरच्या मापांत सर्वांत मोठी फट जिथे दिसेल ते वर्ष उचलावं लागेल. अडचण अशी की काहीच बदललेलं नसलं तरी सर्वांत मोठी फट कुठेतरी असतेच. म्हणून वर्षांची मापं पत्त्यांसारखी पिसायची, पिसलेल्या क्रमातही सर्वांत मोठी फट शोधायची, हे पुन्हा-पुन्हा करायचं, आणि खरी फट या सगळ्या ‘सर्वांत मोठ्या’ फटींशी ताडून पाहायची. एखाद्या साध्या फटीशी तुलना केली तर पुतण्या दरवेळी जिंकेल, आणि तो न्याय होणार नाही. यात एक पथ्य आहे. मंडळाचं वय वाढल्यामुळे माप हळूहळू सरकत असेल तर नुसतं पिसणं पुरत नाही, तो हळू उतार आधी वजा करावा लागतो.

आणखी एक पद्धत तुमच्या वहीला चांगली लागू पडेल. वॉल्टर शेव्हार्ट यांनी १९२४ साली कारखान्यातल्या मालासाठी नियंत्रण तक्ता काढला. माप सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या बाहेर गेलं की इशारा. अचानक मोठा बदल त्याला छान सापडतो. मंडळं मात्र अशी एका रात्रीत फुटत नाहीत. हळूहळू साचणाऱ्या बदलासाठी ई. एस. पेज यांनी १९५४ साली संचित बेरजेचा तक्ता दिला, त्याला क्यूसम म्हणतात. दरवर्षीच्या मापातून ०.५ वजा करायचे आणि उरेल ते मागच्या बेरजेत मिळवायचं. बेरीज शून्याखाली गेली तर शून्यच धरायची. बेरीज ४ च्या वर गेली की इशारा.

माप असं धरा, की नेहमीपेक्षा दुरावा जास्त असेल तर ते धन. आता कल्पित आकडे घेऊन करून दाखवते. लागोपाठ नऊ वर्षांची मापं अशी: ०.२, उणे ०.४, ०.९, १.१, १.३, ०.८, १.६, १.२, १.०. एकही वर्ष २ च्या पुढे नाही. शेव्हार्टचा तक्ता गप्प राहील, आणि त्या-त्या वर्षी जत्रेला आलेल्या कोणालाही काही वेगळं वाटणार नाही. आता बेरीज करा: ०, ०, ०.४, १.०, १.८, २.१, ३.२, ३.९, ४.४. नवव्या वर्षी इशारा. मागे जाऊन बघा, बेरीज शेवटची शून्य होती दुसऱ्या वर्षी. म्हणजे बदल तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सुरू झाला असावा. बदल कळला नवव्या वर्षी, सुरू झाला तिसऱ्या वर्षी. सर, तुमच्या पुतण्याचं म्हणणं नेमकं हेच आहे, आणि ते वहीवर तपासता येतं.

या तक्त्यांची ताकद किती हे ठाऊक आहे. मापं एकमेकांपासून स्वतंत्र आणि सामान्य वितरणाची (घंटेच्या आकाराच्या आलेखाची) असतील, आणि बदल एका प्रमाण विचलनाएवढा असेल, तर शेव्हार्टच्या तक्त्याला तो सापडायला सरासरी ४४ निरीक्षणं लागतात, क्यूसमला (सीमा ४ धरून) ८ च्या आसपास. किंमतही मोजावी लागते. काहीच घडलेलं नसताना शेव्हार्टचा तक्ता सरासरी ३७० निरीक्षणांतून एकदा खोटी हाक देतो, हा क्यूसम, वाढ आणि घट दोन्ही बाजूंनी चालवला तर, १६८ मधून एकदा. तुमच्याकडे तीसेक वर्षं आहेत, तेव्हा खोट्या हाकेची भीती फार नाही. पण तीच माणसं पुढच्या वर्षी पुन्हा रंगमंचावर असतात, त्यामुळे वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. वरचे आकडे तुमच्या वहीसाठी अंदाज म्हणूनच धरा.

‘नेहमीचा काळ’ कोणता हे तुम्ही दोघांनी वही उघडण्याआधी ठरवा. १९९४ ते २००४ मध्ये मंडळ एक होतं यावर दोघांचं एकमत असेल तर तो काळ घ्या, कागदावर लिहा, मग हिशोबाला बसा. आकडे पाहून नंतर काळ ठरवला तर हवं ते उत्तर काढता येतं. कोरोनाच्या काळात नाटक झालं नसेल तर ती जागा रिकामी ठेवा, तिथे शून्य लिहू नका. शून्य म्हणजे ‘कोणीच कोणाबरोबर नव्हतं’, आणि रिकामं म्हणजे ‘पाहिलंच नाही’. १९५० च्या दशकात थिओडोर न्यूकम यांनी एका घरात राहणाऱ्या १७ विद्यार्थ्यांच्या एकमेकांविषयीच्या आवडीनिवडी आठवड्यामागून आठवडा नोंदवल्या. त्यांच्याही माहितीत नववा आठवडा नाही. तो रिकामा ठेवूनच लोक आजपर्यंत त्यावर काम करत आले आहेत.

खाणींमुळेच फूट पडली का, हा प्रश्न वेगळा. तक्ता ‘केव्हा’ सांगतो, ‘कशामुळे’ सांगत नाही. पण तुमच्याकडे एक चांगली कसोटी आहे. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयानं मर्यादा घालून खाणकामाला परवानगी दिली आणि मार्च २०१८ मध्ये ते पुन्हा थांबलं. कारण खाणीच असतील तर या वळणांचीही काहीतरी खूण वहीत असायला हवी. ती नसली, तर तुमच्या मताला पुन्हा विचार करावा लागेल. पुतण्याचं खरं निघायची शक्यता मला बरीच वाटते. वेन झकारी यांनी १९७०-७२ मध्ये ३४ जणांच्या एका कराटे क्लबचा अभ्यास केला. क्लब फुटण्याआधीच्या मैत्रीच्या नोंदींवरूनच त्यांना एक सोडून बाकी सगळ्यांचे गट बरोबर ओळखता आले होते. फुटीची रेघ जाळ्यात आधीच होती.

प्रश्न : मी दिवाडीची. १९८६ साली मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा सगळ्या गोव्याला त्याच दिवशी कळलं. जाळ्यातला बदल ओळखायला गणित कशाला हवं?

उत्तर : पूल पडला हे कळायला नकोच. तो पडल्यावर ओझं कुठे गेलं हे कळायला हवं. जाळ्यातल्या किती छोट्यात छोट्या वाटा एखाद्या बिंदूवरून जातात, याचं माप लिंटन फ्रीमन यांनी १९७७ साली मांडलं. असंच माप रेघेचंही काढता येतं. जुलै १९८६ मध्ये एक रेघ गेली आणि पणजी-बेती फेरीचं हे माप एका दिवसात वर चढलं. धक्क्यावरची रांग हा त्याचा पुरावा. असा हिशोब पूल उभा असतानाच करून ठेवता येतो, आणि माझ्या मते प्रत्येक नदीवर तो करून ठेवायला हवा.

त्याच नदीवर १९९२ मध्ये दुसरा पूल झाला, जानेवारी २०१९ मध्ये अटल सेतू. वाहनं जास्त मावतात, पण हे सगळे पूल जवळजवळ त्याच दोन काठांना जोडतात. क्षमता वाढली, जाळ्याची घडण फारशी बदलली नाही. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं उडायला लागली, तो खरा घडणीतला बदल. राज्याच्या अगदी उत्तरेला एक नवा मोठा बिंदू आला, आणि पूर्वी दाबोळीकडे जाणाऱ्या काही वाटा पेडण्याकडे वळल्या. फक्त एकूण प्रवासी मोजणाऱ्याला हा बदल दिसेलच असं नाही. कुठून कुठे, हे मांडल्यावर तो दिसतो.

प्रश्न : एनरॉनच्या ई-मेलवरून कंपनी बुडणार हे आधीच कळलं होतं, असं आमच्या वर्गात सांगितलं. खरं का? मोठ्या जाळ्यांसाठी कोणत्या पद्धती वाचू?
— एमएस्सीची विद्यार्थिनी, ताळगाव

उत्तर : आधी कळलं नव्हतं. एनरॉननं डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ई-मेल सार्वजनिक झाले २००३ मध्ये, सरकारी चौकशीतून. सुमारे दीडशे जणांच्या, बहुतेक वरिष्ठांच्या, पेट्यांतले जवळजवळ पाच लाख संदेश. सगळे अभ्यास मागे वळून केलेले आहेत. घटनांची यादी हाताशी असताना आलेख काढला, की प्रत्येक उंचवट्याजवळ एखादी घटना सापडतेच. असा प्रबंध वाचताना एक प्रश्न नेहमी विचार: इशारा किती वेळा आला आणि तेव्हा काहीच घडलेलं नव्हतं?

तरी पद्धती शिकण्यासारख्या आहेत. केरी प्रीब आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दर आठवड्याला प्रत्येक माणसाच्या शेजारपाजाऱ्यांत आपसात किती रेघा आहेत ते मोजलं आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा पाहिला. एकूण ई-मेल तेवढेच असले तरी एका कोपऱ्यात अचानक कुजबुज वाढली तर ती यात पकडली जाते. लेटो पील आणि एरन क्लॉसेट यांची २०१५ ची पद्धत वेगळ्या वाटेनं जाते. आधी जाळ्याच्या गटांचं संभाव्यतेचं प्रतिमान (मॉडेल) बसवायचं, मग एका काळखिडकीत एकच प्रतिमान पुरतं की मध्ये तोडून दोन लागतात ते तपासायचं. ही वाचण्याआधी हॉलंड, लास्की आणि लाइनहार्ट यांचं १९८३ चं गटप्रतिमान नीट समजून घे. त्याच्याशिवाय पुढचं डोक्यावरून जाईल.

आणि खिडकीची रुंदी हलकेपणानं घेऊ नकोस. रोजचं जाळं घेतलंस तर रविवार हा मोठा बदल दिसेल. महिन्याचं घेतलंस तर चवथीच्या सुट्टीसारखा पाच दिवसांचा खंड पुसला जाईल. दोन-तीन रुंदी घेऊन बघ, आणि निकाल एकाच रुंदीवर टिकत असेल तर तसं स्पष्ट लिही.

प्रश्न : आमच्या स्वयंसाहाय्य गटाच्या व्हॉट्सॲपवरून असा अभ्यास करता येईल का? आणि सॉफ्टवेअर कोणतं?

उत्तर : ग्रुपवरचा संदेश सगळ्यांना जातो, म्हणून तो दोघींमधली रेघ होत नाही. कोणी कोणाच्या संदेशाला उद्देशून उत्तर दिलं, ती रेघ धरता येईल. सगळ्या जणींची संमती घ्या, नावांच्या जागी क्रमांक घाला, मजकूर घेऊच नका. फक्त कोण, कोणाला, केव्हा, एवढं पुरतं.

सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ‘आर’ किंवा ‘पायथन’ या संगणकभाषांमध्ये ‘आयग्राफ’ हे जाळ्यांचं साधन घ्या. माणसं आपापले दुवे का बदलतात याचं प्रतिमान हवं असेल तर ‘आर’मधलं ‘आरसिएना’ आहे. क्यूसमला यातलं काहीच लागत नाही, वर केली तशी बेरीज वहीच्या मागच्या पानावरही होते.